टाय-डाय टी-शर्टावर विनाइलची अक्षरं: आधी छातीची जागा ठरवा, मग गाठ मारा

तान्ह्या पोळ्याला पंधरा दिवस उरले होते आणि गल्लीतली बारा पोरं दारात उभी. "मावशी, मारबतीले सगळ्यायले सारखे टी-शर्ट पाह्यजे. पिवळे. अन् छातीवर लिहून पाह्यजे." काय लिहायचं हे नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्याला विचारावं लागत नाही. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे संकटं घेऊन जाणारे मोठे पुतळे, मिरवणुकीने निघाली की जी आरोळी उठते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत", तीच.

बारा शर्टांसाठी छपाईची स्क्रीन बनवून घेणं परवडत नाही. शिवाय सात वर्षांच्या पोरापासून कॉलेजच्या पोरापर्यंत मापं वेगवेगळी, त्यामुळे अक्षरंही लहान-मोठी हवी होती. म्हणून शर्ट घरीच गाठी मारून रंगवले आणि अक्षरं लावली हीट ट्रान्सफर विनाइलची. हे विनाइल म्हणजे पॉलियुरेथेनची पातळ रंगीत फिल्म. तिच्या एका बाजूला उष्णतेने वितळणारा गोंद असतो, दुसऱ्या बाजूला पारदर्शक शीट. मशीनने आकार कापायचा, नको तो भाग सोलायचा, शर्टावर ठेवून गरम दाबायचं आणि वरची शीट काढून घ्यायची. साध्या शर्टावर हे काम सरळ आहे. टाय-डायवर मात्र फसतं, आणि फसतं तेव्हा लोक विनाइलला नावं ठेवतात. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा दोष शर्टाचा असतो: कापड चुकीचं, रंग नीट धुतलेला नाही, किंवा अक्षरं बसणार तिथेच सगळ्या रंगांचा गोंधळ.

आधी अक्षरं, मग गाठी

बहुतेक जण शर्ट रंगवून, वाळवून घेतात आणि मग डिझाइन कुठे बसेल ते शोधत बसतात. उलट करा. काय लिहायचं, किती मोठं आणि कुठे, हे कोऱ्या पांढऱ्या शर्टावर ठरवून घ्या. मोठ्या माणसाच्या शर्टावर साधारण ९ ते १० इंच रुंदी पुरते, लहान मुलांना ६ ते ७. कॉलरच्या शिवणीपासून चार बोटं खाली डिझाइनची वरची कड यावी. नवशिके हमखास फार खाली लावतात, मग अक्षरं पोटावर जातात. त्या चौकटीच्या चार कोपऱ्यांना पांढऱ्या दोऱ्याचा एकेक सैल टाका घालून ठेवा. रंगवल्यावरही टाके सापडतात, आणि पेन्सिलीसारखं काही धुऊन जायची भीती नाही.

आता गाठ. सगळ्यांना आवडते ती चक्री: शर्टाच्या मधोमध चिमूट धरून गोल गोल पिळायचं, रबर लावायचे आणि पोळीच्या तुकड्यांसारखे रंग ओतायचे. दिसायला देखणी, पण तिचं केंद्र नेमकं छातीवर येतं. तिथे दोन-दोन बोटांवर रंग बदलतो, आणि त्यावर लिहिलेलं वाचायला माणसाला थांबवावं लागतं. लिहायचंच असेल तर चिमूट छातीवर धरू नका, कमरेच्या एका कोपऱ्याशी धरा. चक्रीचे पट्टे वर जाताना रुंद होतात आणि छातीवर एकाच रंगाचा बऱ्यापैकी मोठा पट्टा मिळतो. पोरांच्या शर्टांना मी हेच केलं: खाली नारिंगी, वर पिवळा.

अक्षरांऐवजी एकच भरीव आकार असेल, म्हणजे संत्र्याची फोड, बैलाचं डोकं, पतंग, तर मधली चक्री उलट शोभते. झीरो माइलचा खांब आणि घोडे हे डिझाइन मात्र ज्याला त्याला सुचतं आणि ज्याला त्याला छळतं. घोड्यांचे पाय कापताना इतके बारीक होतात की सोलताना निम्मे तुटतात. करायचंच असेल तर पायांची जाडी डिझाइनमध्येच वाढवून घ्या.

विनाइलचा रंग निवडताना डोळ्यावर विसंबू नका. शर्टावर विनाइलचा तुकडा ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. दोन्ही एकच राखाडी दिसले, तर दहा फुटांवरून ती अक्षरं दिसणार नाहीत. पिवळ्यावर पांढरं कधीच चालत नाही. लाल आणि हिरवं एरवी भांडतात, पण अशा फोटोत बरेचदा एकसारखे निघतात. शर्ट बहुरंगी असेल तर काळी जाड अक्षरं आणि भोवती पांढरी कड, हा उपाय कधी वाया जात नाही.

कापड

शंभर टक्के सुती हवं. गांधीबागेत तिरुपूरचा माल मिळतो. साधारण १८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम भरणाऱ्या कापडाचा), गोल गळ्याचा, बायोवॉश केलेला (एन्झाइमने धुऊन मऊ केलेला) कोरा शर्ट मागा. 'कॉटन' असं दुकानदार सगळ्यालाच म्हणतो, म्हणून आतल्या शिवणीजवळचा कापडाचा एक धागा ओढून काडेपेटीने जाळून पाहा. सूत जळलं तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. धागा कापडाचाच घ्या, शिलाईचा नाही. शिलाईचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरचाच असतो, म्हणून तर रंगवलेल्या सुती शर्टावर शिवणी पांढऱ्याच्या पांढऱ्या राहतात. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं रंग चढलाच नाही!

तयार टाय-डाय शर्ट विकत घेऊन त्यावर विनाइल लावणाऱ्यांनी ही जळती परीक्षा दोनदा करावी. पॉलिस्टरवर वापरतात ते डिस्पर्स रंग तापले की वाफ होऊन वर चढतात आणि विनाइलमध्ये शिरतात. भाच्यासाठी बाजारातून आणलेल्या लाल-जांभळ्या शर्टावर मी पांढरं नाव लावलं. रात्री पांढरंशुभ्र होतं, दोन दिवसांनी गुलाबी. ते धुऊन जात नाही. असाच शर्ट वापरायचा असेल तर काळं विनाइल लावा, किंवा रंग रोखणारा थर असलेलं विनाइल मागा आणि विनाइलवाल्याने सांगितलेलं सगळ्यात कमी तापमान वापरा.

रंग असा पक्का करा की पुन्हा सुटायला नको

कोरा शर्ट आधी गरम पाण्यात साबणाने धुवा, सॉफ्टनर अजिबात नको. कारखान्यातून आलेल्या कापडावर खळ आणि मऊपणाचं फिनिशिंग असतं. ते रंगालाही अडवतं आणि पुढे गोंदालाही.

सुतावर घरी वापरायचे ते थंड पाण्यातले रिॲक्टिव्ह रंग. गरम पाण्यात उकळायचे पुडीतले साधे रंग घेऊ नका, ते प्रत्येक धुण्याला थोडे सुटतात. रिॲक्टिव्ह रंग सुताशी रासायनिक बंध करतो, आणि त्यासाठी त्याला अल्कली लागतं, म्हणजे सोडा ॲश. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम, त्यात शर्ट १५ ते २० मिनिटं बुडवून घट्ट पिळायचा. खायचा सोडा चालत नाही. किराणा दुकानातला धुण्याचा सोडा पारदर्शक खड्यांचा असेल तर त्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तेवढ्याच कामाला तो सोडा ॲशच्या पावणेतीनपट लागतो.

पिळलेला ओलसर शर्ट पसरून गाठी मारा. २५० मिलिलिटर पाण्याला ५ ते ८ ग्रॅम रंग घेऊन सॉसच्या बाटलीतून ओता. घडीच्या आतपर्यंत रंग पोचला का ते बोटाने फट उघडून पाहा, नाहीतर उघडल्यावर नको तिथे पांढरे तुकडे निघतात. काळा हवा असेल तर रंग दुप्पट घ्या, आणि तरी तो गडद राखाडी निघाला तर नवल नाही. म्हणूनच काळं मी विनाइलवर सोडते. पावडर कालवताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. या रंगांची धूळ श्वासातून गेली तर दम्यासारखा त्रास जडू शकतो. भांडी वेगळी ठेवा, स्वयंपाकघरातली वापरू नका.

आता नागपूरचं हवामान. पुस्तकात लिहिलेलं असतं, २४ तास झाकून ठेवा. हे ज्या गावात २५ अंश असतात त्यांच्यासाठी. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की रंग काही तासांत धरतो, पण तेवढ्यात शर्ट वाळूनही जातो, आणि कोरड्या कापडात रंगाचं काम थांबतं. म्हणून प्रत्येक शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि सावलीत ठेवा. कुलरसमोर तर मुळीच ठेवू नका. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट. रात्री इतकी थंडी असते की रंग अर्धवट धरतो आणि धुताना निम्मा वाहून जातो. तेव्हा पिशव्या दिवसा उन्हात, रात्री रजईत. शेजारच्या काकू एकदा पाहून म्हणाल्या, "शर्टायले झोपवून ऱ्हायली का?" झोपवतेच आहे.

धुण्यात घाई नको. आधी गाठी न सोडता थंड पाण्याखाली सोडा काढा. मग गाठी सोडून पुन्हा थंड पाणी, आणि मग साबण घालून जितकं गरम सोसेल तितक्या गरम पाण्यात दोनदा-तीनदा. सुटा राहिलेला रंग गरम पाण्यातच निघतो. बोअरचं पाणी जड असेल तर फार वेळ लागतो, शेवटची दोन पाणी नळाची वापरा. सोडा कापडात राहिला तर गरम दाबताना पिवळट डाग पडतो, त्यामुळे शेवटचं पाणी बोटांना बुळबुळीत लागता कामा नये.

धुतलेला शर्ट विनाइलला तयार आहे का, याची एकच परीक्षा मी मानते. पांढऱ्या जुन्या बनियनचा तुकडा ओला करून पिळायचा, शर्टाच्या सगळ्यात गडद भागावर ठेवायचा आणि वरून इस्त्री दाबायची. तुकड्यावर रंगाचा ठसा आला तर परत धुवायचा. पोरांच्या नारिंगी पट्ट्याने मला तीन वेळा परत पाठवलं.

कापायला रेडियमवाल्याकडे

घरी कटिंग मशीन असेल तर उत्तम. नसेल तर गाडीच्या नंबर प्लेट आणि स्टिकर करणारे रेडियमवाले शोधा. त्यांच्याकडच्या प्लॉटरवर, म्हणजे पात्याने आकार कापणाऱ्या मशीनवर, हे विनाइलही कापलं जातं. रोल आपला न्यायचा, सोबत डिझाइनची व्हेक्टर फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली. फोटो नेलात तर तो त्यावरून ट्रेस करेल आणि अक्षरांच्या कडा खडबडीत येतील.

मराठी अक्षरांच्या दोन खोड्या इंग्रजी शिकवणारे व्हिडिओ सांगत नाहीत. पहिली शिरोरेषेची. टाइप केलेल्या शब्दात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ती एकसंध दिसते, पण मशीन प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि 'मारबत'च्या डोक्यावर चार ठिकाणी चिरा पडतात. म्हणून आधी अक्षरांचं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या आकारात, रूपांतर करा आणि मग सगळी वेल्ड करून, म्हणजे जोडून, एक आकार करा. दुसरी, कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मराठी टाकलं की वेलांट्या भलतीकडे सरकतात आणि जोडाक्षरं फुटतात. घरीच कर्व्ह करून फाइल न्या, तिथे जाऊन टाइप करायला लावू नका. फॉन्ट जाड आणि गोल कडांचा घ्या. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'बालू' मोफत मिळतो आणि कापायला फार सोयीचा आहे. कुठलीही रेष २ मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी.

मग येतं मिरर. गोंदाची बाजू वर आणि चकचकीत शीटची बाजू खाली ठेवून कापतात, त्यामुळे डिझाइन उलटंच कापलं पाहिजे. रेडियमवाल्याला सवय काचेवरच्या स्टिकरची, ती सुलटी.

"ताई, हे उलटं दिसून ऱ्हायलं, सरळ करून देऊ?"

"नाही भाऊ, उलटंच कापा."

"अन् मंग वाचाचं कसं?"

हा संवाद झाल्याशिवाय तुमचं काम बरोबर झालं असं समजू नका. पात्याचा दाबही आधी छोट्या चौकोनावर तपासून घ्यायला सांगा: फिल्म कापली जावी, खालची शीट नाही.

सोलणं

नको असलेलं विनाइल काढण्याला वीडिंग म्हणतात. टोकदार चिमटा आणि चांगला उजेड पुरतो. इथे मात्र शिरोरेषेचा मोठा फायदा. इंग्रजी शब्दाची अक्षरं सुटी, मराठी शब्द एका तुकड्यात येतो. बाहेरचा भाग एका कोपऱ्यातून सपाट, शीटला चिकटून मागे ओढत न्यायचा, वर उचलून नाही. मग अक्षरांची पोटं काढायची: म चं बारीक छिद्र, ब च्या पोटातले दोन अर्धगोल. ही राहिली तर लांबून ब चा नुसता गोळा दिसतो.

धोका आहे तो सुट्या खुणांचा. अनुस्वार, कुठल्या फॉन्टमध्ये उकार, हे शब्दाला जोडलेले नसतात आणि बाहेरच्या भागाबरोबर निघून जातात. 'संत्रानगरी' लिहिलेला शर्ट मी दाबून, शीट काढून, कौतुकाने हातात धरला आणि यजमान म्हणाले, "सत्रानगरी म्हणजे काय गं?" तेव्हापासून सोलण्याआधी मी कागदावर टिंबांची संख्या लिहून ठेवते. टिंब निघून आलंच तर चिमट्याने परत शीटवर ठेवा, शीट चिकट असते, धरून ठेवते.

दाबणं

पोळ्याचे दिवस पावसाळी. दोरीवर दोन दिवस वाळलेला शर्टही हाताला कोरडा लागतो, पण आत दमट असतो. विनाइलखाली वाफ झाली की फोड येतात. म्हणून नुसता शर्ट आधी ५ ते ८ सेकंद दाबून घ्या. त्याने सुरकुत्याही जातात. गरम असतानाच शर्टाची उभी घडी मधोमध घालून हाताने दाबली की मधली रेघ मिळते. डिझाइनचीही अशीच हलकी घडी घालून रेघेला रेघ जुळवा. चक्रीचं केंद्र कधीच बरोबर मध्ये नसतं, आणि ते पाहून डिझाइन सरकवायचा मोह होतो. मी कॉलरचंच ऐकते.

हीट प्रेस (तापलेल्या प्लेटने दाबणारं मशीन) असेल तर साध्या पॉलियुरेथेन विनाइलला १५० ते १६० अंश, १० ते १५ सेकंद, मध्यम दाब. चकाकीच्या, मखमली किंवा ताणणाऱ्या विनाइलचं गणित वेगळं असतं, रोलवर लिहिलेलं वाचा. कॉलर, बटणपट्टी किंवा जाड शिवण प्लेटखाली आली तर तिथेच दाब अडतो आणि शेजारचं अक्षर नीट चिकटत नाही. शर्टाच्या आत टॉवेलची घडी किंवा पातळ स्पंजची उशी घालून छाती शिवणींपेक्षा उंच करा. प्रेसला १६ अँपिअरचा पॉवर प्लग द्या. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा आकडा १५० दाखवला तरी दोन शर्टांच्या मध्ये थोडं थांबा, प्लेट पुन्हा तापू द्या.

घरच्या इस्त्रीनेही होतं, हळू होतं इतकंच. वाफ बंद, पाणी काढून टाकलेलं, खूण कॉटनवर. इस्त्रीचं टेबल मऊ असतं, ते नको. लाकडी पाटावर चादरीची एक घडी बरी. वर बटर पेपर ठेवून इस्त्री अंगाचा भार देऊन १५ सेकंद स्थिर धरायची, उचलून पुढच्या जागी, आधीच्या जागेवर थोडी चढवून. घासायची नाही, घासली की अक्षर सरकतं. इस्त्रीला भोकं असतील तर भोकांखालचा भाग थंड राहतो, म्हणून दुसऱ्यांदा दाबताना थोडी फिरवून ठेवा.

दोन रंगांचं डिझाइन असेल, म्हणजे पांढऱ्या कडेवर काळी अक्षरं, तर खालचा थर फक्त ३ ते ५ सेकंद टेकवा आणि पूर्ण वेळ शेवटच्या थराला द्या. चकाकीच्या विनाइलवर दुसरं काही चिकटत नाही, ते नेहमी सगळ्यात वर.

प्रेस उघडल्यावर रंग बदललेला दिसला तर घाबरू नका. काही रंग तापले की तात्पुरते काळवंडतात. माझा पिवळा एकदा गेरूसारखा झाला, मी डोक्याला हात लावून बसले, आणि चहा होईपर्यंत तो परत पिवळा. शीट कधी काढायची, गरम असताना की गार झाल्यावर, हे विनाइलच्या जातीवर आहे. हळू, अगदी तिरपं ओढा. एखादा कोपरा शीटबरोबर उठला तर लगेच शीट खाली टेकवून पुन्हा ५ सेकंद दाबा. सगळी शीट निघाल्यावर बटर पेपर ठेवून शेवटचे ५ सेकंद द्या. विनाइलमधून कापडाची वीण किंचित दिसायला लागली की गोंद आत गेला.

धुताना

पहिले २४ तास पाणी नाही. मारबतीच्या आदल्या रात्री शर्ट करून सकाळी घामाने भिजवणाऱ्यांच्या कडा उठतातच, म्हणून दोन दिवस आधी संपवा. नंतर उलटा करून, थंड पाण्यात, ब्लीच आणि सॉफ्टनर न घालता. सुरुवातीची तीन-चार धुणी इतर कपड्यांपासून वेगळी. वाळवायचं सावलीत, तेही उलटंच.

आणि कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्या भाऊंना शर्ट देताना सांगायला विसरू नका. कोळशाच्या इस्त्रीला तापमानाचा काटा नसतो. ती थेट विनाइलवर फिरली की अक्षरं इस्त्रीला चिकटून जातात आणि मग भाऊ आणि आपण दोघंही एकमेकांकडे पाहत राहतो. उलट्या बाजूने, अक्षरं टाळून. महिना-दोन महिन्यांनी एखादी कड सुटलीच तर तो शर्ट धुऊन पूर्ण वाळवा आणि बटर पेपरखाली १० सेकंद पुन्हा दाबा. कडेखाली धूळ किंवा कापडाचं तूस शिरलं असेल तर मात्र ती परत चिकटत नाही, तेवढी कड कात्रीने गोल करून टाका. पोरांच्या बारापैकी तीन शर्टांच्या 'गे'ची मात्रा मी अशीच कापलेली आहे.